चुडामागे बारा ग्रॅम

पाऊस जास्त तिथे भात जास्त, असं वाटत असेल तर वैतरणेच्या खोऱ्यात येऊन हिशेब मांडावा. हेक्टरभर शेतावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. पालघरकडे मोसमात २,००० मिलिमीटरच्या वर पडतो. म्हणजे हेक्टरी २ कोटी लिटरहून जास्त. लुधियानाला याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाच. तरी पंजाब हेक्टरी ४ टनांच्या वर तांदूळ काढतो, महाराष्ट्राची सरासरी २ टनांच्या आसपास रेंगाळते. कोकण या सरासरीहून बरं, पण पंजाबच्या मागेच.

ही २ टन तांदळाची तूट म्हणजे साधारण ३ टन भात. डॉ. ना. के. सावंतांच्या चारसूत्री लागवड पद्धतीत हेक्टरी अडीच लाख चूड (एका जागी लावलेली रोपं) बसतात. भागाकार केला की तूट निघते चुडामागे १२ ग्रॅम! हजार दाण्यांचं वजन २५ ग्रॅम धरलं तर ४८० दाणे, म्हणजे चार-पाच लोंब्या.

या लोंब्या जातात कुठे? पंजाबात भाताला ऊन भरपूर आणि पाणी हवं तेव्हा मोटारीचं (त्यापायी तिथलं भूजल खोल चाललंय, ते वेगळं). इथे जुलै-ऑगस्टभर आभाळ झाकलेलं आणि फेकलेला युरिया जोराच्या सरीबरोबर खाचराबाहेर. युरिया वाहून जाण्यावर चारसूत्रीत उपाय आहे: खताची २.७ ग्रॅमची ब्रिकेट (दाबून केलेली गोळी), चार चुडांच्या मधोमध, ७ ते १० सेंटीमीटर खोल. हेक्टरी ६२,५०० ब्रिकेट, वजन जेमतेम १७० किलो. पण आवणीलाच माणसं मिळेनात, तिथे वाकून ६२,५०० वेळा चिखलात बोटं कोण घालणार?

शिवाय काही तूट शेतकरी जाणूनबुजून पत्करतो. वाडा कोलम जाड्या जातींपेक्षा कमी पिकतो, पण भाव खातो. २०२१ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

खरी दरी पडते ती भात कापल्यावर. पंजाबात लगेच गहू; इथे ओल असेल तर वाल, हरभरा, नाहीतर पडीक. सूर्या कालव्याखाली मात्र उन्हाळी भात होतो, म्हणजे जमिनीत खोट नाही. पाणीही आहे: वैतरणेवरची मोडकसागर (१९५७), अप्पर वैतरणा (१९७३) आणि मध्य वैतरणा (२०१४) ही तीन धरणं मिळून सुमारे ५५,००० कोटी लिटर पाणी साठवतात. उन्हाळी भाताला हेक्टरी सव्वा कोटी लिटर धरले, तर ते ४४,००० हेक्टरांना पुरेल. ते जातं मुंबईच्या नळांना.