नोंदणी खरी, नोंदणी खोटी

गावात कबड्डीचे सामने, भजन स्पर्धा किंवा वधू-वर मेळावा भरवायचा झाला, की पूर्वी एखादा कार्यकर्ता वही घेऊन बसत असे. नाव लिहायचे, पैसे घ्यायचे आणि पावती फाडून द्यायची, एवढेच काम असे. देणारा आणि घेणारा समोरासमोर असत. आता हेच काम पुष्कळदा मोबाईलवर होते. त्यामुळे वेळ वाचतो आणि दूरच्या माणसालाही घरबसल्या नाव नोंदवता येते. पण समोरचा माणूस दिसत नसल्यामुळे फसवणुकीलाही वाव मिळतो. ही फसवणूक कशी होते आणि आयोजकांनी ती कशी टाळावी, हे या पाठात आपण पाहू.

एक कल्पित प्रसंग

जबलपूर जिल्ह्यातील कुंडम हे तालुक्याचे ठिकाण आहे. हिरन नदीचा उगम येथलाच. आसपासची वस्ती मुख्यतः गोंड आदिवासींची आहे. समजा, येथील तरुणांनी कबड्डीची स्पर्धा ठरवली. प्रत्येक संघासाठी पाचशे रुपये प्रवेश शुल्क ठेवले आणि नोंदणी मोबाईलवरून सुरू केली. जबलपूर, मंडला आणि डिंडोरी येथून नावे आली. स्पर्धेच्या दिवशी सकाळी वीस संघ मैदानावर हजर झाले. यादीत मात्र चौदाच संघ होते! उरलेल्या सहा संघांनीही पैसे भरले होते, पण ते भलत्याच खात्यात. कोणीतरी स्पर्धेच्या जाहिरातीची नक्कल करून तिच्यावर स्वतःचा क्रमांक टाकला होता.

येथे प्रश्न केवळ तीन हजार रुपयांचा नाही. मजुरीच्या पैशांतून वर्गणी काढून आलेली ती मुले आयोजकांनाच जाब विचारणार. पैसे तिसऱ्यानेच नेले, पण नाव जाते ते आयोजकांचे.

अशा घटना घडल्या आहेत

हा प्रसंग कल्पित असला, तरी अशा गोष्टी प्रत्यक्षात घडतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत बोरिवली येथे फाल्गुनी पाठक यांच्या गरब्याचे पास स्वस्तात देतो, असे सांगून दीडशेहून अधिक तरुणांना सुमारे पाच लाख रुपयांना फसवण्यात आले. त्याच सुमारास हुबेहूब बनावट पास तयार करणारेही पोलिसांच्या हाती लागले. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातीलच खजुराहो येथे काही दुकानांबाहेरचे क्यूआर कोड रातोरात बदलले गेल्याचे उघडकीस आले. ग्राहक पैसे देत होते, पण ते दुकानदाराच्या खात्यात जमा होत नव्हते.

फसवणुकीचे चार प्रकार

पहिला प्रकार *नक्कल केलेल्या जाहिरातीचा*. कार्यक्रमाचे नाव आणि चित्र तेच ठेवतात; फक्त पैसे पाठवण्याचा पत्ता बदलतात.

दुसरा प्रकार *खोट्या पावतीचा*. पैसे न पाठवताच 'रक्कम जमा झाली' असे दाखवणारे चित्र मोबाईलवर तयार करता येते. गर्दीच्या वेळी कार्यकर्ता ते चित्र पाहतो आणि नाव लिहून घेतो.

तिसरा प्रकार *परताव्याचा*. "चुकून पाचशेऐवजी पाच हजार पाठवले, साडेचार हजार परत करा," असा फोन येतो. सोबत बँकेच्या संदेशासारखा दिसणारा संदेशही येतो. प्रत्यक्षात खात्यात काहीच जमा झालेले नसते. घाईने पैसे 'परत' करणारा आयोजक स्वतःचेच पैसे गमावतो.

चौथा प्रकार *एकाच पासाच्या अनेक प्रतींचा*. एक जण पास विकत घेतो आणि त्याच्या प्रती दहा जणांना विकतो.

हे कसे शक्य होते?

क्यूआर कोड म्हणजे खात्याचा पत्ता असतो. पत्रावरचा पत्ता बदलला, तर पत्र दुसऱ्याच घरी जाते. कोड बदलला, की पैशांचेही तसेच होते. पिन ही आपल्या सहीसारखी असते. बँकेतून पैसे काढताना सही लागते, भरताना कोणी आपली सही मागत नाही. म्हणून लक्षात ठेवा : पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीही लागत नाही. तो जो मागतो, तो पैसे देण्यासाठी नव्हे, तर नेण्यासाठी मागत असतो.

आयोजकांनी घ्यावयाची काळजी

१. शक्यतो संस्थेच्या नावाचे एकच खाते वापरावे. पैसे पाठवताना पडद्यावर कोणते नाव दिसेल, हे जाहिरातीतच छापावे. वेगळे नाव दिसले, तर देणारा तेथेच थांबेल.

२. जाहिरातीत चौकशीसाठी एक दूरध्वनी क्रमांक द्यावा. तीच माहिती ग्रामपंचायत किंवा शाळेच्या फलकावरही लावावी.

३. पावतीच्या चित्रावर विश्वास ठेवू नये. प्रत्येक यूपीआय व्यवहाराला बारा अंकी क्रमांक असतो. तो बँक खात्यातील नोंदीशी जुळल्यावरच नाव पक्के करावे.

४. प्रत्येक नोंदणीला स्वतंत्र क्रमांक द्यावा. प्रवेशद्वारावर यादी ठेवून आलेल्या क्रमांकावर खूण करावी. तोच क्रमांक पुन्हा आला, तर चौकशी करावी.

५. परतावा द्यायचाच असेल, तर खाते तपासूनच द्यावा आणि ज्या खात्यातून रक्कम आली, त्याच खात्यात पाठवावा.

६. भिंतीवर लावलेला क्यूआर कोड रोज सकाळी एक रुपया पाठवून तपासावा.

७. नोंदणीसाठी आवश्यक तेवढीच माहिती मागावी. कबड्डीच्या संघाकडून आधार कार्डाच्या प्रती गोळा करण्याचे सहसा कारण नसते. लोकांची माहिती ही आपल्याकडे दिलेली ठेव आहे.

फसवणूक झालीच तर?

लाज वाटून गप्प बसू नये आणि वेळही दवडू नये. १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर ताबडतोब कळवावे. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाण्यापूर्वी तक्रार पोहोचली, तर ते रोखून धरता येण्याची शक्यता असते. त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार संकेतस्थळावर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवावी. आलेले संदेश, क्रमांक आणि बनावट जाहिरात पुसून टाकू नये. तोच पुरावा असतो. नाव नोंदवणाऱ्या इतरांनाही लगेच सावध करावे.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६-घ नुसार संगणकाच्या किंवा संपर्कसाधनाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवणूक करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

जुन्या काळातील त्या वहीत एक मोठा गुण होता. पैसे हातात आल्याशिवाय कोणी पावती फाडत नसे. साधन बदलले, तरी हा नियम बदलण्याचे कारण नाही.

पाठगत प्रश्न

१. पैसे स्वीकारताना कोणी पिन मागितला, तर त्यावरून काय ओळखावे?
२. पावतीचे चित्र हा पैसे जमा झाल्याचा पुरावा का मानू नये?
३. तुमच्या गावातील एखाद्या कार्यक्रमासाठी नोंदणीची सुरक्षित पद्धत आठ-दहा ओळींत लिहा.