मनगटाचं दुखणं आणि २० टक्क्यांची रेषा

आजचा विषय लहान वाटेल, पण सातारा, कोल्हापूर, अहिल्यानगर भागातल्या ज्या घरांत कुणी फौजेत होतं, त्या घरांना तो चांगलाच ओळखीचा आहे. हाताला किंवा मनगटाला झालेली इजा आणि त्यापोटी मिळणारं अपंगत्व निवृत्तिवेतन, म्हणजे आपण ज्याला डिसॅबिलिटी पेन्शन म्हणतो ते.

पाय तुटला किंवा डोळा गेला तर ते सगळ्यांना दिसतं. मनगट मात्र दिसायला धडधाकट असतं. माणूस हस्तांदोलन करतो, चहाचा कप उचलतो; पण पाण्याची कळशी उचलता येत नाही, शर्टाचं बटण लावताना बोटं साथ देत नाहीत. असा माणूस बोर्डापुढे उभा राहिला की कागद सांगतील तेवढंच त्याचं दुखणं खरं ठरतं.

एक उदाहरण घेऊ. समजा, एक जवान ऑब्स्टॅकल कोर्सवर तळहात टेकून पडला. मनगट सुजलं. एम. आय. रूममध्ये दाखवलं, एक्स-रेमध्ये काही दिसलं नाही, क्रेप बँडेज बांधलं आणि गडी आठ दिवसांत परत ड्यूटीवर.

आता अंगठा ताणून बघा. त्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला एक छोटा खळगा दिसतो. त्याच्या तळाशी स्कॅफॉईड नावाचं काजूच्या आकाराचं हाड असतं. याचा रक्तपुरवठा मुख्यतः बोटांकडच्या टोकातून मागे येतो. हाड मधोमध मोडलं तर मागच्या तुकड्याला पुरेसं रक्त न मिळण्याचा आणि तो न जुळण्याचा धोका असतो. शिवाय ही चीर पहिल्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही. म्हणून खळग्यात दाबल्यावर दुखत असेल तर साधारण १० ते १४ दिवसांनी पुन्हा फोटो काढतात. तो राहून गेला, तर न जुळलेलं हाड पुढे काही वर्षांत सगळ्या मनगटाची झीज करतं.

मग निवृत्तीच्या वेळी बोर्ड लिहितं, ‘झिजेचा आजार, सेवेशी संबंध नाही.’ पंधरा वर्षांपूर्वीचं पडणं आणि आजचं दुखणं यांना जोडणारी एकच गोष्ट शिल्लक असते, ती म्हणजे त्या दिवशीचा सिक रिपोर्ट आणि युनिटने केलेला इंज्युरी रिपोर्ट.

दुसरं दुखणं कार्पल टनेलचं. मनगटाच्या आतल्या बाजूच्या अरुंद बोगद्यातून मीडियन नावाची नस जाते. ती दाबली गेली की अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग बधिर होतो. करंगळी सुटते, ही ओळखायची खूण. रात्री मुंग्यांनी जाग येते, हात झटकला की बरं वाटतं. बराच काळ दुर्लक्ष झालं तर अंगठ्याखालचा मांसल उंचवटा ओसरतो. मधुमेह आणि थायरॉईडमध्येही हे होतं, म्हणून ‘घरचा आजार’ असा शिक्का लवकर बसतो. अशा वेळी नसांची तपासणी आणि कंप पावणाऱ्या यंत्रांवर किंवा अवजड वाहनावर किती वर्षं काम केलं याची नोंद, या दोन्ही गोष्टी लागतात.

आता पैशाचं बघू. बोर्डापुढे दोन प्रश्न असतात. एक, दुखणं सेवेमुळे झालं का किंवा सेवेमुळे वाढलं का? फौजेच्या भाषेत अॅट्रिब्युटेबल आणि अॅग्रॅव्हेटेड. यातलं एकही पुरतं. दोन, अपंगत्व किती टक्के? नेहमीच्या निवृत्तीत २० टक्क्यांच्या खाली काही मिळत नाही.

१०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के, असा अपंगत्व घटकाचा हिशेब असतो. समजा वेतन ५०,००० रुपये. १०० टक्क्यांना होतात १५,०००, म्हणजे २० टक्क्यांना ३,०००. पण इथे ब्रॉड बँडिंग येतं. ५० पेक्षा कमी असेल तर ते ५० धरायचं, ५० ते ७५ असेल तर ७५, त्यापुढे १००. हा लाभ मुदत संपवून निवृत्त झालेल्यांनाही मिळायला हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने राम अवतार प्रकरणात डिसेंबर २०१४ मध्ये मान्य केलं. म्हणजे ३,००० चे झाले ७,५००, वर महागाई सवलत.

आता गंमत बघा. बोर्डाने १९ लिहिले तर शून्य, २० लिहिले तर ७,५००, तेही आयुष्यभर. आणि मनगटाची दुखणी अनेकदा नेमकी या रेषेपाशीच अडकतात. अमेरिकेत माजी सैनिकांना १० टक्क्यांपासून भरपाई मिळते. तिथे मनगट मागे १५ अंशांपेक्षा कमी वळत असेल तर १० टक्के, असं कोष्टकच आहे. आपल्याकडे उंबरठा दुप्पट उंच आहे, म्हणून मोजमाप जास्त काटेकोर हवं. मनगट किती अंश वळतं, पकड किती किलोची, हे आकड्यांत लिहून घ्या. ‘मनगट दुखतं’ एवढ्याने टक्के ठरत नाहीत.

एक सावधगिरी. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम लागू झाले आणि सेवेत राहून निवृत्त होणाऱ्यांसाठी ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ हा वेगळा प्रकार आला. मी मांडलेला हिशेब त्याआधी निवृत्त झालेल्यांचा आहे. आधी आपली तारीख बघा.

दावा फेटाळला तर? पत्र मिळाल्यापासून सहा महिन्यांत पहिलं अपील, मग दुसरं, आणि त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण. त्याचं एक खंडपीठ मुंबईत आहे. बोर्डाची कागदपत्रं हातात नसतील तर माहिती अधिकारात मागा. धरमवीर सिंग प्रकरणातला २०१३ चा निकालही लक्षात ठेवा. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेत उद्भवला असं मानायचं. बोर्डाला तसं वाटत नसेल तर त्याने कारणं लिहायची. नुसतं ‘संबंध नाही’ पुरत नाही. उशीर झाला म्हणूनही हातपाय गाळू नका. पेन्शनचं नुकसान दर महिन्याला होत असतं, म्हणून दावा ऐकला जाऊ शकतो. थकबाकी मात्र अनेकदा मागच्या तीन वर्षांपुरतीच दिली गेली आहे.

शेवटी एका ताईंनी विचारलं, “आमचे हे व्हॉलीबॉल खेळताना पडले होते, ते कसं काय धरणार?” ताई, युनिटने ठेवलेला किंवा परवानगी दिलेला खेळ ड्यूटीतच मोडतो. फक्त त्या दिवशी तशी नोंद झाली होती का, ते शोधा.

आणि जे अजून नोकरीत आहेत त्यांना एवढंच सांगतो. पेन्शनला निघताना डॉक्टर विचारतात, “काही त्रास?” आपला माणूस घरची गाडी पकडायच्या घाईत म्हणतो, “काही नाही साहेब, चालतंय.” हे दोन शब्द पुढे फार महागात पडतात. त्रास असेल तर सांगा, आणि तो लिहिला गेला का, ते सही करण्याआधी वाचून बघा.