रियाझानच्या रिकाम्या दावणी

डिसेंबर १९५९ मध्ये रियाझानचे कम्युनिस्ट पक्षाचे सचिव अलेक्सेई लारिओनोव्ह यांना 'समाजवादी श्रमवीर' हा सोव्हिएत संघातला मोठा किताब मिळाला. पुढच्या शरद ऋतूत त्यांचं पद गेलं होतं आणि ते स्वतःही हयात नव्हते.

रियाझान हा मॉस्कोच्या आग्नेयेला, ओका नदीकाठी वसलेला शेतीचा प्रांत. लारिओनोव्ह १९४८ पासून तिथले पहिले सचिव होते. सोव्हिएत व्यवस्थेत पहिला सचिव म्हणजे प्रांताचा सर्वेसर्वा. शेती, कारखाने, नेमणुका, सगळं त्याच्या शब्दावर चाले. त्याची स्वतःची खुर्ची मात्र मॉस्कोच्या मर्जीवर टिके. पुढचं सारं रामायण घडलं ते यामुळेच.

मे १९५७ मध्ये लेनिनग्राडच्या सभेत सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी घोषणा केली, की दरडोई मांस, दूध आणि लोणी यांत आपण थोड्याच वर्षांत अमेरिकेला गाठू. दीड वर्ष उलटलं तरी मांसाचं गाडं पुढे सरकेना. तेव्हा लारिओनोव्ह यांनी विडा उचलला: रियाझान एका वर्षात तिप्पट मांस देईल. १९५८ मध्ये प्रांतानं सुमारे ५० हजार टन दिलं होतं, आता दीड लाख टन देणार. जाणकारांना हे पटत नव्हतं. तरीही ख्रुश्चेव्ह यांच्या आग्रहाखातर पक्षाच्या 'प्रावदा' या दैनिकाच्या ९ जानेवारी १९५९ च्या अंकात ही प्रतिज्ञा छापून आली. फेब्रुवारीत ख्रुश्चेव्ह स्वतः रियाझानला आले आणि प्रांताला 'ऑर्डर ऑफ लेनिन' हा सन्मान देऊन गेले. काम व्हायच्या आधीच बक्षीस पदरात पडलं होतं. आता माघार कशी घ्यायची?

गाय नऊ महिन्यांनी विते. वासरू कापण्याजोगं व्हायला आणखी दीड-दोन वर्षं जातात. वर्षभरात तिप्पट मांस हवं असेल, तर ते दावणीला उभ्या असलेल्या जनावरांतूनच काढावं लागणार. तसंच झालं. आधी कापायची जनावरं गेली, मग दुभत्या गायी आणि पैदाशीचे वळू. तेवढ्यानं भागेना, तेव्हा सामूहिक शेतीवरच्या शेतकऱ्यांची घरची जनावरं 'तात्पुरती' म्हणून पावतीवर उचलली गेली. रशियन खेड्यातल्या घराला ती एक गाय म्हणजे लेकरांचं दूध आणि अडीनडीचा आधार. त्या गायीचं दावं सुटलं आणि घरधन्याच्या हाती कागद आला. यंत्रं, शाळा, रस्ते यांसाठीचा पैसा शेजारच्या प्रांतांतून जनावरं विकत आणण्यात गेला. डिसेंबरात जाहीर झालं: दीड लाख टन पूर्ण! नव्या वर्षासाठी १ लाख ८० हजार टनांचा शब्दही दिला गेला.

१९६० मध्ये मात्र जेमतेम ३० हजार टन मांस निघालं. १९५८ च्या मानानं गुरांची संख्या सुमारे ६५ टक्क्यांनी घटली होती. घरची गाय गमावलेले शेतकरी सामूहिक रानात राबायला तयार नव्हते, त्यामुळे धान्यही निम्म्यावर आलं. सगळं पितळ उघडं पडलं. लारिओनोव्ह यांचं पद गेलं आणि त्याच सुमारास त्यांचा मृत्यू झाला. त्यांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली, असं सांगितलं जातं.

त्याच १९५९ साली, त्याच रियाझान शहरात, भौतिकशास्त्राचे एक शिक्षक श्रमछावणीतल्या कैद्याच्या एका दिवसाची गोष्ट गुपचूप लिहीत होते. ते अलेक्झांडर सोल्झेनित्सिन. खोटी प्रतिज्ञा 'प्रावदा'त मिरवत होती आणि खरं लिहिणाऱ्याला कागद लपवावे लागत होते.

लारिओनोव्ह यांचा दोष झाकण्याचं कारण नाही. हजारो घरांची दुभती जनावरं त्यांच्या हुकमानं गेली. पण अशक्य आकडा ऐकून ज्यांनी पाठ थोपटली आणि शंका घेणाऱ्यांना गप्प केलं, तेही तितकेच जबाबदार आहेत. वरच्याला फक्त गोड बातमी ऐकायची असली, की खालचा माणूस ती पुरवतो आणि तिची किंमत गरिबाच्या गोठ्यातून वसूल होते. जून १९६२ मध्ये ती देशभर वसूल झाली. मांस आणि लोण्याचे भाव एका दिवसात पाव हिश्शानं किंवा त्याहून अधिक वाढले आणि दक्षिण रशियातल्या नोव्होचेर्कास्क शहरात त्याविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्या कामगारांवर गोळ्या चालल्या. वीसहून अधिक माणसं मेली.