माळावरच्या वाटा

वाळवंट म्हटले की राजस्थानची वाळू आणि उंट आपल्या डोळ्यांपुढे येतात. तसले वाळवंट महाराष्ट्रात नाही. पण शिरूर आणि दौंडकडची मंडळी ज्याला नुसता 'माळ' म्हणतात, तो त्याचाच चुलतभाऊ समजा. चारदोन मित्र जमवायचे, फटफट्या काढायच्या आणि डांबरी सडक सोडून या माळाने हिंडायचे, असा छंद अलीकडे पुष्कळांना लागला आहे. छंद चांगला आहे. मात्र आपल्या चाकाखाली काय आहे हे कळले, तर त्याची गोडी वाढते आणि नुकसानही टळते.

हा मुलूख कोरडा का, ते आधी पाहू. पावसाळी वारे समुद्रावरून येतात आणि सह्याद्रीला अडून वर चढतात. वर हवा गार होते आणि पाऊस तिथेच कोसळतो. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. पुण्याला सातशेच्या आसपास. आणि शिरूर-दौंडला पोहोचेपर्यंत जेमतेम पाचशे उरतो. घाट उतरणारा वारा तापतो, त्याची ओल कमी होते. ढग डोक्यावरून जाताना दिसतात, पण थांबत नाहीत. याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात.

आता वाटा. त्या सगळ्या सारख्या नसतात. दोन बांधांमधून, बाभळी-निवडुंगाच्या कडेने जाते ती पाणंद. दोन चाकोऱ्या आणि मधे गवताची पट्टी, ती गाडीवाट. मेंढरांच्या खुरांनी झालेली वाट उताराला तिरकी जाते, कारण जनावराला दमायचे नसते. आणि मुरमाचा लांबलचक, सरळ रस्ता दिसला, तर गावातल्या वडीलधाऱ्यांना जरूर विचारा. पुष्कळदा तो १९७२ च्या दुष्काळातला निघतो. त्या साली लाखो बायामाणसांनी खडी फोडून, माती वाहून पोट भरले. त्याच अनुभवातून पुढे १९७७ साली महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा झाला. तेव्हा असल्या रस्त्यावरून भरधाव जाताना तो कोणाच्या घामाचा, हे ध्यानात असू द्या.

शिरूरहून न्हावऱ्याकडे निघालात, तर त्याच भागात घोड नदीकाठी इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने तिथे १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी तिथे शेतकऱ्यांची वस्ती होती. ते जव पिकवीत, चौकोनी ऐसपैस घरांत राहत. नदीचे पाणी वळवून घेण्यासाठी त्यांनी पाट काढला होता. पुढे हवामान अधिक कोरडे झाले. शेवटच्या थरांत घरे लहान आणि गोल झालेली दिसतात, शेतीपेक्षा जनावरांवर भर वाढलेला दिसतो. आणि इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमाराला ती वस्ती उठली. पाण्याशी जुळवून घेता घेता माणसाचे घर कसे बदलते, याचा याहून चांगला धडा पुस्तकात सापडायचा नाही.

न्हावऱ्याहून पुढे पारगावपाशी भीमा ओलांडली की हिरवागार ऊस आणि गुऱ्हाळे लागतात. हे धरणांचे आणि कालव्यांचे देणे. पण चौफुल्यावरून सुप्याकडे वळलात की थोड्याच वेळात पुन्हा माळ. सुपे बारामती तालुक्यात येते. तिथे १९९७ साली मयूरेश्वर अभयारण्य झाले. क्षेत्र अवघे ५.१४ चौरस किलोमीटर. चिंकारा तिथे राहतो. पाल्यातल्या ओलाव्यावर तो पुष्कळ दिवस काढतो. टिटवी आणि चंडोल उघड्या जमिनीवरच अंडी घालतात, आणि ती खड्यांत अशी मिसळतात की चाक वरून गेले तरी तुम्हाला कळायचे नाही. सरकारी कागदात ज्याला 'पडीक' म्हणतात, ती जमीन अशी भरलेली असते. धनगराची मेंढरे तिच्यावरच जगतात.

म्हणून चार गोष्टी पाळा. रुळलेली वाट सोडून गवतात गाडी घालू नका. अभयारण्यात वनखात्याने मोकळ्या ठेवलेल्या रस्त्यानेच जा. कळप दिसला की इंजिन बंद करून थांबा. मुरमावर पुढचा ब्रेक एकदम दाबू नका, आणि पुढच्या गाडीचा धुरळा बसेल इतके अंतर ठेवा. पंक्चरचे सामान घ्याच, बाभळीचा काटा कोणाला सोडीत नाही. काळ्या रानात पाऊस आला तर चाक चिखलाने जाम होते. तेव्हा ढग पाहून निघा. उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे, म्हणून दिवस मावळायच्या आत परता.

शिक्षकबंधूंना एक सुचवतो. फटफटी नसली तरी चालेल. मुलांना घेऊन गावच्या शिवेपर्यंत पायी जा, आणि प्रत्येक वाट कोणी, केव्हा, कशासाठी पाडली ते म्हाताऱ्या माणसांना विचारून वहीत नकाशा काढायला सांगा. दुष्काळाची खडी फोडलेले हात आता थोडे उरले आहेत. ते आहेत तोवर विचारून घ्या.