पहिल्या गोळीचं गाव

सकाळचे आठ वाजलेत. बल्गेरियातल्या स्रेदना गोरा डोंगरांत, हजार मीटरहून जास्त उंचीवरचं कोप्रिवश्तित्सा नुकतं जागं होतंय. धुराड्यांतून लाकडाचा धूर निघतोय आणि खाली तोपोल्नित्सा नदी दगडांवरून खळखळतेय. गल्लीच्या दोन्ही अंगांना उंच दगडी भिंती आहेत. त्यांत बैलगाडी आत जाईल एवढे लाकडी दरवाजे, शेजारी माणसापुरती दिंडी. भिंतींवरून डोकावतात ते फक्त निळे, तांबडे, पिवळे माडीचे मजले. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून कर्दझाली लुटारूंनी हे गाव पुन्हा पुन्हा जाळलं. नंतर उभ्या राहिलेल्या घरांनी रस्त्याकडे दगडाची पाठ केली आणि सगळी शोभा आत ठेवली.

मी व्यापारी ओस्लेकोव्हच्या वाड्यात शिरते. 1850च्या दशकातलं हे बांधकाम. दर्शनी भाग लाकडी खांबांवर उभा आहे, आणि भिंतीवर रोम, व्हेनिस अशी दूरची शहरं रंगवलेली. इथले व्यापारी मेंढ्या, लोकर घेऊन इस्तंबूल, इजिप्तपर्यंत जात. जिना चढताना प्रत्येक फळी कुरकुरते. वरच्या दालनात भिंतीलगत बैठी लाकडी बाकं, त्यांवर लोकरीच्या सतरंज्या. मान वर करते, तर तख्तपोशी नजर खिळवून ठेवते. मधोमध लाकडात कोरलेला सूर्य, भोवती किरणांसारख्या पट्ट्या. जवळून पाहिलं की पट्ट्यांच्या कडांवर हत्याराचे बारीक घाव दिसतात. दोन घाव एकसारखे नाहीत. यंत्राचं नव्हे, हाताचं काम.

पण हा वाडा नुसता देखणा नाही. तुर्की सत्तेविरुद्ध झालेल्या 1876च्या एप्रिल उठावाच्या तयारीत बंडखोरांचे कपडे इथे शिवले गेले. उठाव मोडला आणि मालकाने त्याची किंमत प्राणांनी चुकती केली.

मी बाहेर पडून ओढ्यावरच्या लहानशा दगडी पुलावर येते. 1813 साली बांधलेली ही एकच कमान. 20 एप्रिल 1876 रोजी, जुन्या कालगणनेनुसार, तुर्की सत्तेविरुद्धची पहिली गोळी इथे सुटली. त्याच दिवशी बंडखोरांचा पुढारी तोदोर काब्लेश्कोव्हने शेजारच्या पानाग्युरिश्तेला पत्र धाडलं आणि त्यावर मारल्या गेलेल्या तुर्काच्या रक्ताने क्रूस काढला. कठड्याचा दगड थंड आहे, हातांनी घासून गुळगुळीत झालेला. खाली पाणी शांत वाहतंय.

चर्चच्या आवारात कवी दिम्चो देबेल्यानोव्हच्या कबरीवर एक दगडी आई बसली आहे. डोक्याला रुमाल, हनुवटीखाली हात. मुलगा 1916 साली लढाईत पडला. ती अजून वाट पाहतेय. तिच्यासमोर कुणी मोठ्याने बोलत नाही.

पानाग्युरिश्ते उठावात जळालं. बाताक गावात हजारो माणसं कापली गेली. कोप्रिवश्तित्सा वाचलं, कारण इथल्या धनिकांनी सैन्याला सोनं मोजलं. आज गावात 380हून जास्त वास्तू संरक्षित आहेत. एका छपरावर दोन कारागीर फुटकी कौलं काढून नवी बसवताहेत. जुनी घरं आपोआप उभी राहत नाहीत. प्रत्येक पिढीत कुणीतरी त्यांची किंमत मोजतं, तेव्हाच ती पुढच्या पिढीला दिसतात.