दिव्याचं फाटक

ठाण्याजवळच्या दिव्यात रुळांच्या पूर्वेहून पश्चिमेला जायला किती वेळ लागेल, असं रिक्षावाल्याला विचारलं तर तो म्हणतो, "गेट उघडं मिळालं तर दोन मिनिटं." नाही मिळालं तर किती, ते तो सांगत नाही. वेळापत्रकं आखणाऱ्यांपेक्षा त्याला हे गणित जास्त कळलेलं आहे.

या फाटकाची रचना साधी आहे, म्हणूनच निर्दय. दांडा आणि सिग्नल एकमेकांत गुंतवलेले असतात. दांडा खाली येऊन पक्का झाल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळत नाही. एखादा टेम्पो रुळांवर अडकला, त्याच्या मागून दोन रिक्षा घुसल्या, की गेटमनला दांडा पाडता येत नाही. सिग्नल लाल, लोकल उभी, तिच्यामागची पण उभी. रस्त्यावरचे लोक रेल्वेच्या नावानं बोटं मोडतात, डब्यातले फाटकाच्या नावानं. दोघांचंही खरं. धिम्या, जलद, पनवेलमार्गे कोकणात उतरणाऱ्या, वसईच्या बाजूच्या मालगाड्या, या सगळ्यांचं दिवा हे जंक्शन. २०२२ च्या फेब्रुवारीत ठाणे–दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली, पण फाटकाची त्यातून सुटका झाली नाही.

आता समजा, दहापैकी सात वेळा ओलांडायला दोन मिनिटं लागली आणि तीन वेळा अठरा. सरासरी निघते जवळपास सात. गंमत अशी, की सात मिनिटांत कुणीच कधी पलीकडे पोहोचत नाही. तरी बसचं वेळापत्रक बहुधा याच आकड्यावर बेततात. मग सात फेऱ्यांना बस उगाच थांबून राहते आणि तीन फेऱ्यांना पुढची फेरी कोलमडते.

गणितात, डेपोतून गाड्या कशा पाठवाव्यात हा प्रश्न जॉर्ज डँट्झिग आणि जॉन रॅम्सर यांनी १९५९ मध्ये पेट्रोलच्या टँकरसाठी मांडला. त्यांच्या कागदावर रस्ते ठरल्या अंतराचे होते. १९९२ मध्ये जिल्बेर लापोर्त आणि सहकाऱ्यांनी प्रवासाचा वेळच अनिश्चित धरला, आणि फेरी उशिरा संपली तर दंड लावला. तिथून प्रश्नाचा रोख बदलतो. सर्वात जवळचा रस्ता कोणता, यापेक्षा ठरल्या वेळेत पोहोचण्याची खात्री किती, हे महत्त्वाचं होतं. आणि वाटेत एकच फाटक असेल, तर ती खात्री मार्ग बदलून फारशी वाढत नाही. डेपो कुठे, यावर ती जास्त अवलंबून असते.

रुग्णवाहिकेचं उदाहरण घ्या. राज्यात १०८ ची सेवा २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. इतक्या गाड्या राज्यभर वाटायच्या म्हटल्यावर एका उपनगराला दोन देणं नकाशावर उधळपट्टी दिसतं. पण दिव्यात फाटकाच्या एकाच बाजूला उभी गाडी दुसऱ्या बाजूसाठी कधी दोन मिनिटांवर असते, कधी अठरा. छातीत कळ आलेल्या माणसाला सरासरीशी काय देणंघेणं? इथे दोन्ही बाजूंना एकेक गाडी हाच हिशेब बरोबर, मग त्यातली एखादी दिवसभर रिकामी उभी राहिली तरी.

बसला आणखी एक दुखणं आहे, आणि ते रुळांनी नव्हे, हद्दीनं आणलंय. दिवा ठाणे महापालिकेत. तिच्या बससेवेचा, १९८९ पासूनच्या टीएमटीचा, जुना डेपो वागळे इस्टेटमध्ये, पारसिकच्या डोंगरापलीकडे. कल्याण-डोंबिवली पालिकेची १९९९ ची बससेवा, केडीएमटी, डोंबिवलीच्या खंबाळपाड्यातून गाड्या काढते. तो डेपो दिव्याला कितीतरी जवळ, पण दुसऱ्या पालिकेचा. सकाळी वागळेहून येताना टीएमटीची बस जे रिकामे किलोमीटर कापते, त्यात मुंब्र्याची कोंडीही येते. २०१८ मध्ये मुंब्रा बायपास दुरुस्तीसाठी बंद ठेवला, तेव्हा ठाणे-नवी मुंबईचं सगळं वेळापत्रकच हललं होतं. दोन परिवहन सेवांनी रात्रीपुरत्या गाड्या एकमेकांच्या डेपोत उभ्या केल्या, तर पूल न बांधताही बरंच काही साधेल. पण कुणाची गाडी कुणाच्या आवारात, हा वाद गणितज्ञांच्या आवाक्यातला नाही.

रुळांवरचा खारेगावचा पूल जानेवारी २०२२ मध्ये खुला झाला आणि कळव्याचं फाटक संपलं. दिव्याचा पूल मात्र वर्षानुवर्षं रेंगाळला. तो झाला की दांड्यापुढचा खोळंबा जाईल, पण त्याच गाड्या वेगानं शीळफाट्याकडे निघतील आणि कल्याण-शीळ रस्त्यावरच्या रांगेला लागतील. तेव्हा डेपोचा हिशेब पुन्हा नव्यानं मांडावा लागेल, या वेळी शीळफाट्याला धरून.