गाळाची बेटे आणि उडते पाहुणे

बेट म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर समुद्र उभा राहतो. मुरूड-जंजिरा, घारापुरी, नाही तर भूगोलाच्या पुस्तकातले अंदमान. पण समुद्रापासून शंभरावर किलोमीटर दूर, द्राक्षांच्या आणि कांद्याच्या मुलखात, नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यातही बेटे आहेत, असे सांगितले तर? ही बेटे ज्वालामुखीतून वर आलेली नाहीत की पोवळ्यांनी बांधलेली नाहीत. ती आहेत गाळाची, आणि त्यांचे वय आहे जेमतेम शंभर वर्षे. तरीही थंडीच्या दिवसांत हिमालयापलीकडचे पक्षी त्यांचा पत्ता अचूक शोधून काढतात.

हे ठिकाण म्हणजे नांदूर मध्यमेश्वर. येथे गोदावरीला उत्तरेकडून येणारी कादवा नदी मिळते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत येथे गोदावरीवर दगडी बंधारा बांधण्यात आला. हेतू अगदी सरळ होता. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर धो धो पाऊस पडतो, पण पूर्वेकडे सरकावे तसा तो झपाट्याने कमी होतो. या पर्जन्यछायेच्या प्रदेशाला नदीचे पाणी अडवून कालव्यांनी पुरवायचे होते. आजही येथून निघालेल्या कालव्यांवर कोपरगाव-राहाता भागातली शेती अवलंबून आहे. पक्ष्यांसाठी बंधारा बांधावा, असे त्या वेळी कोणाच्याही मनात नव्हते. मग हे पक्षितीर्थ निर्माण झाले कसे?

नदी थांबते तेव्हा

पावसाळ्यात गोदावरीचे पाणी तांबूस-काळसर दिसते. सह्याद्रीच्या उतारांवरची आणि वाटेतल्या शेतांतली माती त्यात मिसळलेली असते. पाणी वेगात वाहते तोपर्यंत त्यातील खळबळ ही माती तरंगत ठेवते. बंधाऱ्यामागे मात्र नदीचे पात्र एकदम रुंद होते. अरुंद बोळातून धावत आलेली मुले शाळेच्या मैदानात आली की जशी पांगतात आणि हळू चालू लागतात, तसेच पाण्याचे होते. वेग मंदावतो, खळबळ कमी होते आणि माती तळाशी बसू लागते.

पण सर्व माती एकाच वेळी बसत नाही. स्थिर पाण्यात बारीक कण किती वेगाने खाली जातो, हे त्याच्या व्यासाच्या वर्गावर अवलंबून असते. व्यास दहापट कमी झाला, तर बुडण्याचा वेग शंभरपट कमी होतो. एक मीटर खोल स्थिर पाण्याचा हिशेब करून पाहा. ०.१ मिलिमीटर व्यासाचा वाळूचा कण सुमारे दोन मिनिटांत तळ गाठतो. ०.०१ मिलिमीटरच्या कणाला सुमारे तीन तास लागतात. ०.००१ मिलिमीटरच्या चिकणमातीच्या कणाला मात्र तेरा-एक दिवस लागतील! म्हणून जाड वाळू जलाशयाच्या तोंडाशीच पडते, बारीक गाळ आत सरकतो आणि सर्वांत बारीक कण बंधाऱ्यापर्यंत, किंवा त्याच्याही पुढे, वाहत जातात.

वर्षामागून वर्षे गाळाचे असे थर साठत गेले. काही ठिकाणी तळ इतका वर आला की पावसाळा संपल्यावर तो पाण्याबाहेर डोकावू लागला. त्यावर गवत आणि पाणकणीस उगवले. त्यांच्या मुळांनी गाळ धरून ठेवला, देठांनी पाण्याचा वेग आणखी कमी केला, आणि पुढच्या पुरात तेथे अधिकच गाळ बसला. अशा रीतीने बेटे तयार झाली. त्यांच्याभोवती उथळ पाणी, दलदल आणि मधूनमधून खोल डोह अशी सरमिसळ झाली. धरणाच्या अभियंत्याच्या दृष्टीने गाळ म्हणजे तोटा, कारण तेवढी पाणी साठवण्याची जागा कमी होते. पक्ष्यांच्या दृष्टीने मात्र तोच गाळ म्हणजे घर.

पाणी एक, पंगती अनेक

एकाच जलाशयावर इतक्या प्रकारचे पक्षी न भांडता कसे राहतात, असा प्रश्न तुम्हाला पडेल. त्याचे उत्तर त्यांच्या पायांत आणि चोचींत आहे. चिखल्या आणि तुतवार हे छोटे पक्षी ओल्या चिखलाच्या कडेने धावत किडे टिपतात. शेकाट्या आपल्या लांब गुलाबी पायांवर घोटाभर पाण्यात उभा राहतो. चमचा पक्षी थोड्या अधिक पाण्यात जाऊन चपटी चोच डावी-उजवीकडे फिरवतो आणि चोचीला लागेल ते पकडतो. तलवार बदक पाण्यावर तरंगत डोके खाली आणि शेपूट वर करून तळाशी चरते. थापट्या बदकाच्या रुंद चोचीला कडेने बारीक दाते असतात, त्यांतून तो पाणी गाळून घेतो. काळाभोर वारकरी पक्षी तर बुडी मारून पाणवनस्पती उपटून आणतो. आणि कमळपक्षी आपल्या लांबलचक बोटांमुळे तरंगत्या पानांवरून खुशाल चालतो.

म्हणजे पाण्याची खोली चार बोटांनी बदलली, तरी पंगत बदलते. सरळ उभ्या काठांच्या, सगळीकडे सारख्याच खोल तलावात एवढी विविधता दिसत नाही. येथे आणखी एक गोष्ट घडते. शेतीसाठी कालव्याला आवर्तन सुटले की जलाशयाची पातळी उतरते, नवा चिखल उघडा पडतो आणि त्यातील अळ्या, गोगलगायी, किडे यांचे ताट पक्ष्यांसमोर येते. शिवाय बेटाभोवतीचे पाणी कुत्र्या-कोल्ह्यांना दूर ठेवते, त्यामुळे रात्रीचा मुक्काम निर्धास्त होतो.

या साऱ्यामुळे येथे दोनशेहून अधिक जातींचे पक्षी नोंदले गेले आहेत आणि लोक या जागेला 'महाराष्ट्राचे भरतपूर' म्हणू लागले. १९८६ साली निफाड आणि सिन्नर तालुक्यांतील सुमारे १०० चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्य म्हणून जाहीर झाले. चापडगाव आणि खाणगाव थडी या गावांजवळून पक्षी चांगले पाहता येतात. २ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधील रामसर या गावी पाणथळ जागांच्या रक्षणासाठी एक आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत त्यात १९८२ मध्ये सामील झाला. या कराराच्या यादीत २०२० च्या जानेवारीत नांदूर मध्यमेश्वरचे १,४३७ हेक्टर क्षेत्र घेतले गेले. महाराष्ट्रातून त्या यादीत गेलेली ही पहिली जागा.

बेटाचा हिशेब

आता थोडे दूर, मध्य अमेरिकेतील पनामा देशात जाऊ या. तेथेही याच सुमारास धरणामुळे बेट जन्माला आले, आणि त्याची कहाणी आपल्याला उपयोगी पडणारी आहे. पनामा कालव्यासाठी चाग्रेस नदी अडवली गेली. १९१४ पर्यंत विस्तीर्ण जलाशय भरला. एका अरण्यमय टेकडीचा माथा पाण्याबाहेर राहिला. तेच बॅरो कोलोरॅडो बेट. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या रामसर क्षेत्राएवढेच. १९२३ पासून ते संरक्षित आहे. तेथे झाड तोडायला किंवा शिकार करायला बंदी आहे. तरीही पुढील काही दशकांत तेथील अनेक पक्षिजाती नाहीशा झाल्या!

असे का व्हावे? १९६७ साली रॉबर्ट मॅकआर्थर आणि एडवर्ड विल्सन या शास्त्रज्ञांनी एक सिद्धांत मांडला. बेटावरील जातींची संख्या दोन गोष्टींच्या समतोलावर ठरते. बाहेरून नव्या जाती किती येतात, आणि असलेल्या जाती किती नष्ट होतात. बेट लहान असेल तर प्रत्येक जातीचे थोडेच जीव तेथे राहू शकतात आणि एखाद्या दुष्काळात किंवा रोगात ती जात संपते. बेट दूर असेल तर तिची जागा घ्यायला दुसरे येत नाहीत. बॅरो कोलोरॅडोवर नेमके हेच झाले. पुढे शास्त्रज्ञांनी जवळच्या अरण्यातील पक्षी पकडून होडीतून नेले आणि किनाऱ्यापासून मोजक्या अंतरावर पाण्यावर सोडले. दाट झाडीत राहणाऱ्या काही जातींना शंभर मीटर पाणीही ओलांडता आले नाही.

हा सिद्धांत केवळ पाण्यातल्या बेटांना लागू नाही. शेतांनी आणि वस्तीने वेढलेले प्रत्येक अभयारण्य हे एक बेटच असते. मग नांदूर मध्यमेश्वरचे काय? येथे येणारे बहुतेक पक्षी पट्टीचे उडणारे. गोदाखोऱ्यात उतरणारा पट्टकादंब हा हंस तर हिमालय ओलांडताना सात हजार मीटरांपेक्षा अधिक उंचीवरून उडताना नोंदला गेला आहे. अशा पक्ष्यांना एकच बेट पुरत नाही. त्यांना हवी असते बेटांची माळ. मध्य आशियापासून भारतापर्यंतच्या त्यांच्या वाटेवर विश्रांतीची ठिकाणे लागतात. त्यातले नांदूर एक. गोदावरीच्याच प्रवाहात खाली पैठणचे जायकवाडी आहे, आणि ते पक्षी अभयारण्यही १९८६ चेच. माळेतला एक मणी गळला तर उरलेल्या मण्यांवरचा भार वाढतो.

पण सगळेच उडणारे नाहीत. देवळालीच्या नावाने ओळखला जाणारा एक छोटा मासा या पाण्यात नोंदला गेला आहे आणि तो अतिशय संकटात आहे. त्याला येथून उडून दुसऱ्या नदीत जाता येत नाही. त्याच्यासाठी बेट म्हणजे पाणी, आणि भोवतालची जमीन हाच समुद्र!

सीमा आखली, पुढे काय?

आता खरी अडचण पाहू. अभयारण्याची सीमा नकाशावर आखता येते, पण पाणी ती सीमा मानत नाही. नाशिक शहराचे सांडपाणी आणि शेतातून वाहून येणारी खते पाण्यात नत्र-स्फुरद वाढवतात. त्यावर जलपर्णी माजते. तिचा गालिचा पाण्यावर पसरला की खाली प्रकाश पोचत नाही, पाणवनस्पती मरतात, कुजताना प्राणवायू संपवतात आणि मासे गुदमरतात.

दुसरी गोष्ट खुद्द गाळाची. ज्या गाळाने बेटे घडवली, तो साठतच राहणार आहे. उथळ पाण्याची दलदल होईल, दलदलीची कोरडी जमीन होईल आणि तेथे बाभळी उभ्या राहतील. मग चिखलातला तुतवार तेथे उतरणार नाही. म्हणजे 'हात लावू नका' एवढ्याने ही जागा टिकणार नाही. माणसाने घडवलेल्या बेटाची निगाही माणसालाच राखावी लागते.

तिसरी गोष्ट माणसांची. पात्र गाळाने भरले की पुराचे पाणी मागे फुगते. २०१६ आणि २०१९ च्या पुरांत सायखेडा आणि चांदोरी या वरच्या गावांत पाणी शिरले. ज्याच्या घरात गुडघाभर चिखल साचला, त्याने 'गाळ काढा' म्हटले तर त्याला दोष कसा द्यायचा? दुसरीकडे सरसकट सगळा गाळ उपसला, तर काठ उभे होतील, उथळ पाणी जाईल आणि त्याबरोबर पक्षीही जातील.

यावर विज्ञान जादूची कांडी देत नाही, पण प्रश्न नीट मांडायला शिकवते. पूर वाहून नेणारी मुख्य धार कोणती आणि पक्ष्यांच्या उपयोगाची उथळ पाणी कोणती, हे मोजून ठरवता येते. धार मोकळी करायची आणि उथळ जागा राखायची, असा मार्ग त्यातून निघू शकतो. काम पक्षी नसलेल्या महिन्यांत करता येते. वरच्या उतारांवर माती धरून ठेवली, तर मुळात गाळच कमी येतो. आणि या अभयारण्यात मोठ्या क्षेत्रावर शेते आणि गावे आहेत हे विसरू नका. क्रौंच पक्षी दिवसा याच शेतांत दाणे टिपतात आणि रात्री पाण्याकडे परततात. तेव्हा बेट जपायचे तर त्याच्याभोवतीचा 'समुद्र', म्हणजे शेत, गाव आणि वरची नदी, हेही जपावे लागेल.

करून पाहा

काचेच्या बरणीत दोन मुठी शेतमाती घ्या, पाणी भरा, झाकण लावून जोराने हलवा आणि स्थिर ठेवा. दोन मिनिटांनी, तीन तासांनी आणि रोज एकदा असे आठवडाभर पाहून थरांची जाडी लिहा. पाणी नितळ व्हायला किती दिवस लागले? वर दिलेल्या आकड्यांशी ताडून पाहा.

तुमच्या गावच्या पाझर तलावावर किंवा बंधाऱ्यावर दर पंधरवड्याला एकाच वेळी जा. पाण्याची पातळी ठरावीक दगडावरून मोजा आणि चिखलात, उथळ पाण्यात व खोल पाण्यात किती पक्षी दिसतात त्याची तीन रकान्यांत नोंद ठेवा. नावे आली नाहीत तरी चालेल, पाय आणि चोची यांचे वर्णन लिहा. पाणी उतरले की कोणता रकाना भरतो? शिक्षकांनी ही वही दर वर्षी पुढच्या वर्गाकडे सोपवावी. दहा वर्षांच्या नोंदी एकत्र झाल्या, म्हणजे तुमच्या तळ्यात गाळ किती वाढला आणि पाहुणे किती घटले, याचे उत्तर तुमच्याच शाळेच्या कपाटात असेल. गाळ कोठला काढावा आणि कोठला ठेवावा, हे गावाने ठरवायची वेळ येईल, तेव्हा ती वही उपयोगी पडेल.